बेचाळिसावा दिवस

वऱ्हाडात बाळंतिणीचा सव्वा महिना अजून पाळला जातो. घरं सिमेंटची झाली, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, पाळण्याच्या जागी मच्छरदाणीचा झोपाळा आला. पण दवाखान्यातून घरी आलं की बाळ-बाळंतीण आतल्या खोलीत जातात आणि चाळीसेक दिवस तिथंच राहतात. बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, डब्यात डिंकाचे नि मेथीचे लाडू. बाहेरून आलेल्यानं आधी पाय धुवायचे, ओसरीत जरा टेकायचं, मग आत जायचं. तिन्हीसांजेनंतर कुणी बाळ बघायला यायचं नाही. यातलं शास्त्र किती आणि समजूत किती, यावर घरोघरी सासू-सुनांची जुंपते. धुरीच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूचा आहे. कोवळ्या फुप्फुसांना धुराचं काही काम नाही. पण सव्वा महिना का, महिना का नाही, दोन महिने का नाहीत, याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. कारण सरकारी वेळापत्रकात डांग्या खोकल्यावरची पहिली लस सहा आठवडे भरल्यावर आहे. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आजीचा हिशेब आणि आरोग्य खात्याचा हिशेब यांच्यात जेमतेम दोन-चार दिवसांचं अंतर. एकानं दुसऱ्याला विचारून ठरवलेलं नाही, तरी दोघांचं एका गोष्टीवर एकमत दिसतं: पहिले सहा आठवडे लेकरू उघडं असतं.

आजीच्या बंदोबस्तात एक फट मात्र राहून गेलेली आहे. सगळे नियम परक्यांसाठी आहेत. आपल्या माणसाला कोण अडवणार? सोयाबीनच्या काढणीवरून आलेला मामा, अंगणवाडीतून धावत आलेली थोरली बहीण, रात्रभर खोकणारे आजोबा, हे सगळे घरचे. आणि डांग्या खोकला तान्ह्या बाळाला लागतो तो बहुतेक वेळा घरच्यांकडूनच. देशोदेशी जिथं जिथं शोध घेतला गेला, तिथं आई, भावंडं, बाप, आजी-आजोबा हीच यादी निघाली. मोठ्या माणसात हा रोग ओळखू येत नाही. दोन महिने सुका खोकला राहतो, माणूस हवेला, धुळीला, तंबाखूला दोष देतो, कामावर जात राहतो आणि संध्याकाळी बाळाचा पापा घेतो. घरात ज्यांची प्रतिकारशक्ती संपलेली आहे, अशा दहांपैकी आठ-नऊ जणांना हा जंतू गाठतो. गोवर सोडला तर इतका पसरणारा रोग क्वचितच सापडेल.

सत्तरीच्या पुढच्या कुणाही बाईला डांग्या खोकल्याबद्दल विचारा, ती सांगणार नाही, करूनच दाखवेल. एका दमात पंधरा-वीस वेळा खोक, छातीतला वारा संपेपर्यंत. तोंड लाल, मग जांभळं. आणि शेवटी श्वास आत ओढताना निघणारा तो लांब, चिरका आवाज. मग उलटी. मग पोर थकून आईच्या खांद्यावर. तासाभरानं पुन्हा तेच. तीन-तीन महिने चालायचं. त्या बायकांनी हे आपल्या भावंडांत पाहिलेलं आहे, काहींनी आपल्या पहिल्या लेकरात. त्यांच्या सुनांनी पाहिलेलं नाही. नातसुनांना तर हे नाव फक्त लसीकरणाच्या कार्डावर भेटतं. लस आपलं काम नीट करते तेव्हा स्वतःची गरजच पुसून टाकते, हा तिचा मोठा तोटा.

पण आजी जे करून दाखवते ते दोन-चार वर्षांच्या पोराचं. महिन्या-दीड महिन्याच्या बाळाचं वेगळं असतं. त्याच्यात तशी उबळ काढण्याची ताकदच नसते. ते दूध पिता पिता थांबतं. थोडं खोकल्यासारखं करतं, ओठांभोवती निळसर होतं, आणि काही सेकंद श्वासच घेत नाही. आवाज नाही, गोंधळ नाही. घरात कुणी म्हणतं ठसका लागला, कुणी म्हणतं दूध नाकात गेलं, कुणी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकतं. खोकल्याच्या रोगात खोकलाच दिसत नाही, म्हणून दवाखान्याला उशीर होतो.

या जंतूचा शोध लावला ब्रुसेल्सच्या ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह जांगू यांनी, १९०६ मध्ये. जंतू रक्तात शिरत नाही, श्वासनलिकेतच मुक्काम ठोकतो. तिथल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, कफ वर ढकलणं हे त्यांचं काम. जंतू त्यांना चिकटतो आणि विष सोडून त्यांना लुळं करतो. कफ आतच साचतो, मग तो काढायला शरीराकडे खोकण्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही. त्याचं दुसरं एक विष रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवतं. अगदी लहान बाळात त्या इतक्या होतात की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या तुंबतात आणि हृदयावर ताण येतो. प्रतिजैविकं जंतू मारतात, बाळाकडून इतरांना होणारी लागण थांबवतात. पण तंतूंची झालेली नासधूस ती भरून काढत नाहीत. ती भरायला आठवडे लागतात. म्हणून या रोगात औषध नेहमी थोडं उशिरा पोचतं, आणि सगळी भिस्त आधी घेतलेल्या लशीवर राहते.

लस नेमकी किती राखते? याचं पहिलं भरवशाचं उत्तर मिळवलं अमेरिकेतल्या दोन बायकांनी. मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग नोकरीला होत्या. साल १९३२, मंदीचा काळ. दिवसभर पाणी-दूध तपासायचं आणि कामाचे तास संपले की संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात खोकणाऱ्या पोरांच्या घरी जायचं, अशी त्यांची पद्धत. पोराच्या तोंडासमोर जंतू वाढवायची काचेची थाळी धरायची आणि त्याला तिच्यावर खोकायला सांगायचं. त्या थाळ्यांतल्या जंतूंपासून त्यांनी लस केली. तिची परीक्षा घेताना अनाथाश्रमातली मुलं वापरायची त्या काळी सर्रास चाल होती. यांनी गावातलीच मुलं घेतली, टोचलेली आणि न टोचलेली, सारख्या वयाची, सारख्या वस्तीतली. पहिल्या फेरीत टोचलेली ७१२ मुलं होती, त्यांत चौघांना डांग्या खोकला झाला. न टोचलेली ८८०, त्यांत ४५ जणांना. हिशेब मांडला तर दर दहा आजारांपैकी जवळपास नऊ टळले.

आजही आकडा त्याच आसपास आहे. जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली तर पूर्ण जंतूपासून केलेली चांगली लस, तिचे सगळे डोस झाल्यावर, पहिल्या काही वर्षांत शंभरातले नव्वदच्या वर आजार टाळते; जंतूचे निवडक तुकडे घेऊन केलेली नवी लस चौऱ्याऐंशीच्या आसपास. शंभरात नव्वद याचा अर्थ टोचलेल्या शंभर मुलांतल्या दहांना रोग होणारच, असा नाही. लस नसती तर ज्या शंभर जणांना तो झाला असता, त्यातले नव्वद वाचले, असा त्याचा अर्थ. उरलेल्या दहांनाही तो बहुधा सौम्य होतो.

पण हे झालं सगळे डोस झाल्यावरचं. तान्ह्या बाळाचा प्रश्न त्याआधीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जमवलेल्या माहितीवरून, एक डोस गंभीर आजारापासून साधारण निम्मं संरक्षण देतो, दोन डोस निदान ऐंशी टक्के. म्हणजे आपल्या वेळापत्रकाप्रमाणं सहाव्या आठवड्याला निम्मं, दहाव्याला ऐंशीच्या घरात, चौदाव्याला त्याहून वर. आणि सहाव्या आठवड्याआधी शून्य. डांग्या खोकल्यानं दगावणारी बाळं बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतली असतात. तेव्हा लस किती राखते, हा प्रश्न बाळाचं वय सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही. दीड महिन्याचं बाळ आणि दीड वर्षाचं बाळ यांच्यासाठी एकाच शीशीची दोन वेगळी उत्तरं आहेत.

ती शीशी गावात कशी येते ते एकदा बघण्यासारखं आहे. ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निळा डबा निघतो. मोटारसायकलच्या मागे बांधून, खडीच्या रस्त्यानं, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात पोचतो. वऱ्हाडातल्या वाशिम जिल्ह्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की लशीचा शत्रू ऊन. ऊन शत्रू आहेच. शीशीवरच्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की सिस्टर ती शीशी बाजूला ठेवते. पण डांग्या खोकल्याची लस उन्हापेक्षा बर्फाला जास्त भिते. एकदा गोठली की पुन्हा वितळली तरी निकामी. म्हणून डब्यात ठेवायचा आइसपॅक फ्रीजरमधून काढून तसाच ठेवायचा नाही. तो बाहेर थोडा वेळ राहू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलेलं ऐकू आलं, म्हणजे तो डब्यात जायला तयार. पंचेचाळीस अंशांच्या जिल्ह्यात एक बाई सकाळी सकाळी बर्फ पुरेसा वितळला की नाही हे कान लावून ऐकते, आणि तालुक्यातल्या तान्ह्या लेकरांचा भरवसा त्या आवाजावर असतो.

सहा आठवड्यांच्या बाळाला त्या दिवशी बरंच काही मिळतं. तोंडात पोलिओचे आणि रोटाचे थेंब, उजव्या दंडावर पोलिओची बारीक टोचणी, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस, आणि डाव्या मांडीत पेंटा. पेंटात पाच रोग: घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ ब आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा हिब. बाळ एकदा रडून गप्प होतं तोवर दुसरी सुई. कोपऱ्यात बसलेली आजी हमखास बोलते.

"इतल्याशा लेकराले तीन-तीन सुया कायले देता व बाई?"

"आजी, नाहीतर या पाच बिमाऱ्यांच्या सुया अलग अलग लागल्या असत्या. आता एकीत भागते ते."

"अन् मंग खोकला येतच नाही काय?"

सिस्टर इथं क्षणभर थांबते. मागे वीस बाया रांगेत बसलेल्या, रजिस्टर भरायचं, मोबाइलवर नोंद करायची. "येत नाही, आजी," ती म्हणते. "आला तरी जीवावर नाही येत." दोन वाक्यांत तिनं सगळ्या अभ्यासांचं सार सांगितलेलं असतं; पहिलं वाक्य आजीसाठी, दुसरं सत्यासाठी. मग ती चार गोष्टी सांगते: आज कोणती लस दिली, पुढची कधी, ताप आला तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं. शेवटी, अर्धा तास इथंच बसा.

ताप येतो. रात्री बाळ किरकिरतं, मांडी लाल होते, बारीक गाठ येते. सरकारी पेंटात पूर्ण जंतूची लस असते, म्हणून हे होतं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चर्चा: चांगलं खेळतं लेकरू, सुई दिली अन् आजारी पडलं. दहाव्या आठवड्याला सिस्टर येते तेव्हा काही घरांना कुलूप असतं, काही बाळं 'झोपलेली' असतात. शहरातल्या दवाखान्यात न दुखणारी लस मिळते म्हणे, असंही कुणी सांगतं. मिळते. तीच ती तुकड्यांची लस, ताप कमी येतो, पैसे बरेच लागतात. ज्याला परवडते त्यानं जरूर घ्यावी, तीही तान्ह्याला राखते. पण गरिबाला वाईट आणि श्रीमंताला चांगलं, अशी जी समजूत गावात आहे, तिला इथं धक्का बसतो. फुकटची, ताप आणणारी लसच जास्त वर्षं टिकते. तुकड्यांच्या लशीचा जोर चार-पाच वर्षांत ओसरू लागतो, आणि माकडांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की ती घेतलेला प्राणी स्वतः आजारी पडत नाही, पण जंतू घशात बाळगून दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणूनच जिथं पूर्ण जंतूची लस चालू आहे, त्या देशांनी ती सोडू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं.

तापाला भिऊन लस सोडली तर काय होतं, याचा धडा गरीब देशांनी नव्हे, श्रीमंत देशांनी गिरवला आहे. १९७४-७५ च्या हिवाळ्यात जपानमध्ये लशीनंतर दोन बाळं दगावली. लशीनंच दगावली की नाही, याचा निवाडा लागण्याआधीच लोक हटले. ऐंशी टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण वर्ष-दोन वर्षांत दहावर आलं. १९७९ मध्ये तिथं १३ हजारांवर रुग्ण झाले आणि ४१ जण मेले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ही लस मेंदूला इजा करते असा बोभाटा झाला. तिथलं लसीकरण तिसाच्या घरात घसरलं आणि १९७७ ते १९७९ या काळात लाखावर पोरं खोकत राहिली. मेंदूच्या इजेचा आरोप पुढच्या तपासात टिकला नाही. जपाननं मात्र त्या दुःखातून तुकड्यांची नवी लस शोधून १९८१ पासून वापरात आणली. आपल्याकडे याच काळात, १९७८ मध्ये, सरकारी लसीकरण कार्यक्रम सुरू होत होता आणि त्यात डांग्या खोकल्याची लस पहिल्यापासून होती. १९८५ मध्ये तो सार्वत्रिक करायला सुरुवात झाली, तरी १९८७ साली देशात दीड लाखाहून अधिक रुग्णांची नोंद होती. पुढे ती संख्या कितीतरी खाली आली.

खाली आली, शून्य झाली नाही. होणारही नाही. देवी गेली, १९७५ नंतर भारतात तिचा रुग्ण नाही. नैसर्गिक विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये. त्यामुळे लस म्हटली की रोगाचा निकाल लागला पाहिजे, अशी आपली अपेक्षा झाली आहे. डांग्या खोकल्याचं तसं नाही. लशीची शक्ती ओसरते, एवढंच नाही. स्वतः रोग होऊन गेलेल्याचीही ओसरते. सोयाबीनमध्ये एकदा डवरणी केली म्हणून तण संपत नाही, पुढच्या पावसाबरोबर पुन्हा डोकं काढतं आणि पुन्हा डवरा जुंपावा लागतो, तसंच हे. म्हणून दीड वर्षाच्या सुमारास एक बूस्टर, पाच-सहा वर्षांचं झाल्यावर दुसरा. हा दुसरा बूस्टर गावात सगळ्यात जास्त राहून जातो. पोरगं धडधाकट असतं, शाळेत जातं, त्याला कशाला सुई? पण तो डोस त्याच्या एकट्यासाठी नसतोच. घरात नुकत्याच आलेल्या त्याच्या बहिणीसाठीही तो असतो.

बाळ जन्मल्याच्या पाचव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाळण्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. तिनं काय लिहिलं ते आजवर कुणी वाचलेलं नाही. बाळाच्या उशीखाली बहुधा दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्डही असतं. त्यावर सिस्टरनं पुढच्या डोसची तारीख लिहिलेली असते, आणि ती कुणालाही वाचता येते. दोन्ही लिखाणं बाळाच्या आयुष्याबद्दलच असतात. एकाची पूजा होते, दुसरं घर आवरताना कुठंतरी जातं.

कार्ड हरवण्याचं खरं कारण मात्र निष्काळजीपणा नाही, प्रवास आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी रिसोड तालुक्यात बाळंत होते, तिथल्या आशाताईच्या यादीत चढते, पहिला डोस तिथं. तिसऱ्या महिन्यात सासरची माणसं न्यायला येतात, बाळ मानोऱ्याकडच्या गावी जातं. इकडची यादी म्हणते गेलं, तिकडची म्हणते अजून आलं नाही. दुसरा डोस या दोन याद्यांच्या मध्ये पडतो. आणि दिवाळी झाली, सोयाबीन निघाली, की तांड्यांवरची कुटुंबं बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. खोपीत राहणाऱ्या बाईला तिथली सिस्टर ओळखत नाही, आणि मुकादम अर्ध्या दिवसाची सुट्टी देत नाही. चैत्रात पोहरादेवीच्या यात्रेला सगळे परत जमतात तोवर ऑक्टोबरात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालेलं असतं. नियमानं पेंटा वर्षाच्या आत कधीही सुरू करता येते, सिस्टर तेव्हाही देते आणि दिलीच पाहिजे. पण ज्या महिन्यांसाठी ती हवी होती, ते गेलेले असतात.

आकडे हे दाखवत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५६.२ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ते ७३.५ झालं. चढ मोठा आहे, आणि त्यामागे आशाताईंच्या चपला झिजल्या आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि वाशिम. त्या यादीतल्या जिल्ह्यांची जी गुणपत्रिका बनते, तिच्यातही पूर्ण लसीकरण आहे. पण पाहणीत मोजतात एक ते दोन वर्षांचं मूल. त्याचे सगळे डोस झाले की नाही, एवढंच त्या टक्केवारीत दिसतं. बेचाळिसाव्या दिवशी पहिला डोस घेतलेलं बाळ आणि साडेपाच महिन्यांनी घेतलेलं बाळ, दोन्ही त्या रकान्यात सारखीच 'पूर्ण'. डांग्या खोकल्याला मात्र त्यांच्यातला फरक चांगला कळतो.

आणि वाशिममध्ये हा फरक जास्त महाग पडतो. हा जिल्हा नशिबानं दोनदा झाला. इंग्रजांचा बासिम जिल्हा १९०५ मध्ये मोडून बराचसा अकोल्यात घातला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा निघाला. मधली ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षं मोठं दुखणं म्हणजे अकोला, हे समीकरण इतकं पक्कं झालं की जिल्हा वेगळा झाला तरी पाय त्याच रस्त्यानं वळतात. वाशिमहून अकोला ऐंशीएक किलोमीटर, मानोऱ्याच्या आडगावाहून आणखी. श्वास थांबत-थांबत घेणाऱ्या सहा आठवड्यांच्या बाळासाठी ते अंतर फार आहे. समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगाववरून जातो खरा, पण त्यावर पोचण्याआधी गावचा रस्ता संपवावा लागतो.

राहिला तो पहिल्या सहा आठवड्यांचा प्रश्न, जिथं बाळाला द्यायला लसच नाही. त्यावर एक उपाय निघाला आहे, आणि तो बाळाला टोचायचा नसून आईला टोचायचा आहे. सातव्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान गरोदर बाईला डांग्या खोकल्याची लस दिली की तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वारेतून पोटातल्या बाळाकडे जातात. बाळ जन्मतानाच काही आठवड्यांची शिदोरी घेऊन येतं. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये साथ आली आणि चौदा तान्ही बाळं गेली, तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथं सगळ्या गरोदर बायांना ही लस द्यायला लागले. नंतरच्या पाहणीत दिसलं की आईनं लस घेतलेली असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतले शंभरातले नव्वदच्या आसपास आजार टळतात. आपल्याकडेही बालरोगतज्ज्ञांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना गरोदरपणात ती घ्यायला सांगतात. वाशिम शहरातल्या खासगी दवाखान्यात सोनोग्राफीला आलेल्या बाईला डॉक्टर ती सुचवतात, हजाराच्या वर खर्च सांगतात, आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला दोन सुया मिळतात, फुकट आणि वेळेवर. पूर्वी त्या सुईत नुसती धनुर्वाताची लस होती. काही वर्षांपूर्वी तिच्यात घटसर्प घातला. म्हणजे एका सुईत दोन रोग मावतात हे सरकारला मान्य आहे, तिसरा तेवढा राहिला आहे. नवजात धनुर्वात या देशातून जवळपास गेला, त्यात आईला टोचण्याचा मोठा वाटा आहे. आईतून बाळाकडे जाणारी वाट आपल्या व्यवस्थेला अनोळखी नाही. खर्चाचा हिशेब आहे, पुरवठ्याचा आहे, तो सोडवायला तज्ज्ञ बसलेले आहेत.

त्या सुईत तिसरा रोग घालायचा की नाही, हे दिल्लीत ठरेल. घरी खोकणारा मामा बाळंतिणीच्या खोलीत जाणार की ओसरीवरून पाहून परतणार, हे आजी ठरवेल, आणि या बाबतीत तिचा शब्द कोणत्याही शासन निर्णयाहून भारी आहे. पण पहिला पेंटा बेचाळिसाव्या दिवशी की शंभराव्या, हे ठरायला ना दिल्ली लागते ना जास्तीचा रुपया. लस तीच, डबा तोच, सिस्टर तीच. तारीख तेवढी आपल्या हातातली.